आधी दात, मग चेहरा

भिलाईत स्फोटाची जखम म्हटली की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पोलाद कारखाना येतो. ते साहजिकच आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तेव्हापासून या गावाचं जेवण, झोप, लग्नकार्य सगळं पाळ्यांच्या वेळांवर चालतं. ९ ऑक्टोबर २०१८ ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीत स्फोट झाला. नऊ जण त्याच दिवशी गेले, उपचार चालू असताना आणखी काही गेले. त्या दिवसाचा विषय निघाला की कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमधली माणसं आजही बोलता बोलता थांबतात. पण तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर म्हणून इथे काम करताना माझ्या टेबलावर आलेले बहुतेक चेहरे कारखान्याच्या भिंतीआड फुटलेले नव्हते. ते जीई रोडवरच्या टायरच्या टपरीवर फुटले होते, धानाच्या बांधावर फुटले होते, लग्नाच्या मांडवामागे सिलिंडरपाशी फुटले होते, आणि काही दक्षिणेला, कांकेरपलीकडच्या रस्त्यांवर.

टायरचं आधी सांगते, कारण त्याला कोणी स्फोट म्हणतच नाही. कोलकात्याहून मुंबईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भिलाईच्या पोटातून जातो, तोच जीई रोड. त्याच्या दोन्ही कडांना पंक्चरच्या टपऱ्या आहेत. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा असते, ट्रकच्या टायरमध्ये शंभराच्या वर. जुन्या पद्धतीच्या चाकात टायर जागेवर धरून ठेवायला एक लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल, गंजली असेल, तर हवा भरताना सुटते आणि समोर उकिडव्या बसलेल्या पोराच्या तोंडावर येते. आग नाही, धूर नाही, भाजलेलं काही नाही. फक्त नाकापासून हनुवटीपर्यंतचा भाग आत गेलेला. ही पोरं सोळा-सतरा, अठरा-वीस वर्षांची असतात. लोखंडी सळयांचा पिंजरा करून त्यात चाक ठेवून हवा भरली आणि पाइप लांब घेतला तर रिंग पिंजऱ्यात अडकते. वेल्डिंगची दुकानं त्याच रस्त्यावर, टपऱ्यांना लागून आहेत. तरी पिंजरा असलेली टपरी मला क्वचितच दिसते.

चेहऱ्याची हाडं वेगवेगळ्या ताकदीची असतात. खालचा जबडा जाड, कपाळाचं हाड जाड. मधला भाग मात्र पोकळ. गालांच्या आत, नाकाच्या बाजूंना, डोळ्यांच्या मध्ये हवेच्या पोकळ्या आणि त्यांच्याभोवती कागदाएवढ्या पातळ भिंती. स्फोटाची दाबलहर हवा आणि हाड यांच्या सीमेवरच सगळ्यात जास्त मोडतोड करते, म्हणून कुरडईवर हात पडावा तसा हा मधला भाग चुरतो. फ्रान्सच्या रेने ल फोर यांनी १९०१ मध्ये प्रेतांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याचं हाड कोणत्या तीन रेषांवर फाटतं ते दाखवून दिलं, आणि आजही परीक्षेत विद्यार्थ्याला त्या रेषा काढाव्या लागतात. मोटारसायकलवरून पडलेल्याच्या चेहऱ्यात त्या रेषा ओळखू येतात. स्फोट त्या रेषा पाळत नाही. दाबलहर एक काम करते, उडालेले तुकडे दुसरं करतात, माणूस फेकला जाऊन आपटतो ते तिसरं, आणि उष्णता नि धूर चौथं. एकाच चेहऱ्यावर चार अपघात झालेले असतात. त्यामुळे सीटी स्कॅन पाहून आराखडा ठरवला तरी जखम उघडल्यावर तो बदलावा लागतो.

इथे एक गोष्ट वाचकाला मनापासून सांगायची आहे, कारण ती माझ्यापर्यंत येण्याच्या आधीची आहे आणि जीव तिथेच जातो किंवा राहतो. खालचा जबडा पुढून दोन्ही बाजूंनी तुटला की जिभेला धरून ठेवणारं काही उरत नाही. माणूस उताणा असला की जीभ मागे पडते आणि घसा बंद होतो. शुद्धीवर असलेला जखमी हे आपोआप जाणतो, तो उठून बसायचा, पुढे वाकायचा प्रयत्न करतो. भोवतालची माणसं प्रेमापोटी त्याला खाली दाबतात, 'पडून राहा, पडून राहा' म्हणतात. तसं करू नका. त्याला बसू द्या, तोंड खाली करून पुढे वाकू द्या, रक्त बाहेर गळू द्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ ची गाडी येईपर्यंत एवढं पुरतं. आणि लोंबणारी कातडी, ओठाचा तुकडा, काहीही कापून टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात जागच्या जागी धरून आणा. चेहऱ्याला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की हातापायावर मेला म्हणून टाकून द्यावा असा निळा पडलेला तुकडा चेहऱ्यावर दोन दिवसांत गुलाबी होतो. म्हणून आम्हीही पहिल्या दिवशी कात्री फार जपून चालवतो.

पहिल्या रात्रीचं काम दिसायला अगदी साधं असतं. श्वासाची वाट पक्की करायची, रक्त थांबवायचं, डोळे पाहायचे. डोळे तासाभरात पाहावे लागतात, कारण नंतर पापण्या सुजून अशा मिटतात की नजर आहे की गेली हेच कळत नाही. मग धुणं. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतून जखम धुवायची, आणि कातडीत घुसलेले दारूचे, मातीचे, रंगाचे कण भूल देऊन ब्रशने घासून काढायचे. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला तास लागतात, आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांतच करावं लागतं. नंतर ते कण कातडीत कायमचे गोंदले जातात. मग लेझर करा, काहीही करा, निळसर ठिपके पूर्ण जात नाहीत. उत्तम बसवलेल्या हाडांवर अशी गोंदलेली कातडी मी पाहिली आहे, आणि त्या माणसाला लोक हाडांवरून नव्हे, त्या ठिपक्यांवरून ओळखतात. म्हणून आमच्या शिकाऊ डॉक्टरांना मी ऑपरेशनच्या आधी घासायला शिकवते.

आणखी एक. स्फोटातल्या माणसाला बहुधा ऐकू येत नसतं. कानाचे पडदे फाटलेले असतात. वॉर्डात नर्स विचारते, तो उत्तर देत नाही. मग कागदावर कुणीतरी लिहितं की रुग्ण सहकार्य करत नाही, गोंधळलेला आहे. तो गोंधळलेला नसतो, बहिरा झालेला असतो, आणि जबडा तुटल्यामुळे बोलूही शकत नसतो. आम्ही पाटी-पेन्सिल ठेवतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा कागद ठेवतो: पाणी, दुखतंय, लघवी, घरच्यांना बोलवा. या कागदाने जेवढी भीती कमी होते तेवढी इंजेक्शनने होत नाही.

लोकांना पडणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो आणि तो मला गणेशोत्सवात मराठी मंडळींकडून दरवर्षी येतो. भंडारा, गोंदिया, नागपूरकडून कारखान्यात नोकरीला आलेली ही कुटुंबं. काका लोक आता निवृत्त. एखादे काका प्रसादाची वाटी हातात देत विचारतात, "अगं, तू तर दातांची डॉक्टर ना? मग बॉम्बचा पेशंट तुझ्याकडे कशाला आणतात?"

दातांसाठीच आणतात, काका.

फुटलेल्या चेहऱ्यात हाडाचा कुठला तुकडा कुठे होता हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे दात. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, कोणता दात कुठे झिजलाय, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं आणि ते खोटं बोलत नाही. आधी दातांवर दात जुळवायचे, तारांनी वरचा जबडा खालच्याशी बांधून ते पक्के करायचे, मग त्या बांधलेल्या जबड्यावरून वर गाल, डोळ्यांच्या खोबण्या, नाक असं चढत जायचं. टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू त्यानंतर. ज्याने घाईने आधी गाल उचलला, कातडी शिवली, त्याच्या रुग्णाचा चेहरा आरशात बरा दिसतो आणि पोळीचा तुकडा तुटत नाही. मग सगळं पुन्हा मोडावं लागतं.

यात एक अडचण येते. भूल द्यायची नळी सहसा तोंडातून जाते. ती तोंडात असली तर दात मिटत नाहीत. नाकातून घालावी तर नाक आणि त्यामागचा कवटीचा तळच फुटलेला. १९८६ मध्ये स्पेनच्या फ्रान्सिस्को हर्नांदेझ आल्तेमिर यांनी यावर तोडगा काढला: हनुवटीखाली लहानसा छेद घेऊन नळी तिथून बाहेर काढायची. तोंड मिटतं, दात जुळतात, नाकही मोकळं राहतं. इतकी साधी युक्ती आणि तिने किती गळे छिद्रापासून वाचवले! मला ती वापरताना दर वेळी त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

दातांच्या डॉक्टरांचा या कामात हात असणं नवीनही नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांमधले सैनिक तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी फुटलेले चेहरे घेऊन येऊ लागले तेव्हा फ्रान्समध्ये शार्ल व्हालाडिये नावाचा एक दंतवैद्य त्यांचे जबडे बांधत होता. तरुण हॅरोल्ड गिलीज यांनी ते काम पाहिलं आणि तिथून त्यांचा रस्ता बदलला. पुढे १९१७ मध्ये इंग्लंडात सिडकप इथे फक्त चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय उभं राहिलं. तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे एकेका माणसावर सरासरी दोनपेक्षा जास्त, आणि काहींवर कितीतरी अधिक. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया स्फोटांनी फुटलेल्या चेहऱ्यांवर घातला गेला, हे आपल्याकडे सौंदर्य केंद्रांच्या जाहिराती पाहून कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे शास्त्र रुजवलं, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी. मी नागपुरात शिकले, त्यामुळे दुसरं नाव आमच्या कानावर लहान वयातच पडलं.

आणि मराठी वाचकासाठी याच्याही मागचा एक धागा आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका माणसाने मेणाचा साचा करून, तो कपाळावर ठेवून तेवढी कातडी आखली, ती खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं चित्रासह वर्णन छापून आलं, ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि मग ती युरोपभर गेली. त्या कारागिराचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही. स्फोटात नाक गेलेल्या रुग्णाला मी आजही कपाळाचीच कातडी लावते. आखणीचा साचा आता निर्जंतुक फॉइलचा असतो, बाकी रीत तीच.

आता त्या माणसाबद्दल लिहिते ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. जंगलाच्या कडेला त्याची थोडी जमीन. धान पोटरीला आलं की रानडुकरं येतात, छत्तीसगढीत त्यांना बरहा म्हणतात. एका रात्रीत कळप अर्धं शेत लोळवतो. भरपाईचा अर्ज करून पैसे मिळेपर्यंत पुढचा हंगाम येतो. मग कुणीतरी पोटॅश आणि मनशीळ आणून देतं. दोन्ही जवळ आले की नुसत्या घासण्याने पेट घेतात. त्यात गारगोटीचे खडे घालून, सुतळीने आवळून, वर कणकेचा किंवा चरबीचा लेप देऊन गोळा बांधावर ठेवतात. डुकराने चावला की त्याचा जबडा उडतो. इकडे त्याला पोटॅश बम म्हणतात, महाराष्ट्रात गावठी बॉम्ब. मे २०२० मध्ये केरळात अशाच स्फोटकाने एका गाभण हत्तिणीचं तोंड फुटलं आणि देश हळहळला. हळहळायलाच हवं होतं. पण तोच गोळा गायीच्या तोंडात फुटतो, महुआ वेचणाऱ्या पोरीच्या हातात फुटतो, आणि तो बांधणाऱ्याच्याही तोंडासमोर फुटतो. त्याची बातमी तालुक्यापुढे जात नाही.

त्याला आणलं तेव्हा बायकोने सांगितलं, सिलिंडर फुटला. सिलिंडरची जखम भाजलेली असते. इथे भाजलेलं जवळजवळ काहीच नव्हतं, जखमेत खडे होते आणि सुतळीचे धागे होते, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नव्हती. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोलिसांना कळवणं रुग्णालयाला भागच आहे, ते मी लपवू शकत नाही. पण काय फुटलं ते मला खरं कळलं नाही तर जखमेत काय शोधायचं ते मला कळणार नाही." ती बराच वेळ पदर चावत उभी राहिली. मग म्हणाली, "बरहा बर बनावत रिहिस, मैडम." डुकरासाठी बनवत होता. आणि लगेच, "बने हो जाही ना?" बरा होईल ना?

मनशीळ म्हणजे सोमलाचाच प्रकार. ते कळल्यावर धुण्याचं काम आणखी काटेकोर झालं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग, दातांसकट, गेला होता. खालचा ओठ मधोमध नव्हता. त्या रात्री गळ्यातून श्वासाची नळी घातली, जीभ टाक्याने पुढे ओढून धरली, आणि जबड्याची उरलेली दोन टोकं वरच्या दातांशी तारेने बांधून त्यांच्या मूळ जागी रोखून ठेवली. मधली जागा मुद्दाम रिकामी सोडली. हे नातेवाइकांना पटवणं फार कठीण जातं. त्यांना वाटतं डॉक्टरने अर्धवट काम केलं. पण ती दोन टोकं एकमेकांकडे ओढली जाऊन जुळली की मधली जागा कायमची हरवते, आणि मग हनुवटी आत गेलेला तो चेहरा परत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं. जागा राखून ठेवणं हेच पहिल्या टप्प्यातलं सगळ्यात मोठं काम. दोन दिवसांनी पुन्हा भूल देऊन पाहिलं, जे खरंच मेलं होतं तेवढंच काढलं, कातडी आतल्या त्वचेला शिवली आणि थांबलो.

थांबण्याच्या या महिन्यांत बायकोने त्याला नळीने पसिया दिला, म्हणजे भाताची पेज. दात तारेने बांधलेले असतात तेव्हा उशाशी एक तार कापायची पक्कड टांगलेली असते. उलटी झाली तर क्षणात तार कापायची. ती पक्कड कशी धरायची ते आम्ही तिला शिकवलं. तिने ती रोज पुसून ठेवली.

पुढचा टप्पा पायाच्या हाडाचा. पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, शरीराचं वजन फारसं पेलत नाही. घोट्याकडचा आणि गुडघ्याकडचा भाग राखून मधला तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट काढता येतो. तो जबड्याच्या आकारात कापून, वळवून, पट्टीवर बसवायचा आणि त्याची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडायची. हे माझं एकटीचं काम नव्हे, त्यासाठी सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारी वेगळी तुकडी लागते. आदल्या संध्याकाळी त्याने पाटीवर डाव्या हाताने एक चित्र काढून दाखवलं: वाकलेला माणूस, हातात रोप. रोवणी करता येईल का, असं त्याला विचारायचं होतं. जबड्याबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. मी सांगितलं, येईल, पहिलं वर्ष पाय दुखेल.

हाड जगलं. ओठ गालाच्या कातडीतून केला, तो दोन टप्प्यांत. लोकांना वाटतं ओठ शोभेचा असतो. खालचा ओठ नसलेल्या माणसाची लाळ दिवसभर गळते, मान ओली, सदरा ओला, कातडीला चिरा. तो माणसांत बसेनासा होतो. सगळं झाल्यावर मी त्याला विचारलं, आता कसं वाटतंय? त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, एक थेंब न सांडता प्यायला आणि रिकामा पेला मला दाखवला. त्याची हनुवटी आधीसारखी नाही, लहान आहे. दात बसवायचे अजून राहिले आहेत. बायको म्हणाली, बोलतो तेव्हा आवाज त्याचाच आहे.

कांकेरपलीकडच्या रस्त्यांवर सुरुंगांनी जखमी झालेल्या जवानांबद्दल मी कमी लिहिणार आहे. त्यांच्या जखमा सगळ्यात वाईट असतात, आणि त्यांच्यामागे हेलिकॉप्टर, तुकडी, खर्चाची सोय, हे सगळं उभं असतं. ते बहुतेक रायपूरला जातात. भिलाईत रिसालीला सीमा सुरक्षा दलाचं प्रादेशिक मुख्यालय आहे, त्यामुळे बरे झालेले काही जण नंतरच्या दुरुस्तीसाठी येतात. जमिनीखालचा स्फोट खालून वर येतो: आधी पाय, मग हनुवटीखालून वर. त्यातल्या एकाने मला सांगितलं की घरी व्हिडिओ कॉल तो अंधारात करतो. मी त्याला त्याच्या मुलीला आधी फोटो पाठवायला सांगितलं, मग कॉल. सिडकपच्या त्या रुग्णालयात वॉर्डातले आरसे काढून टाकले होते म्हणतात. आज ते शक्यच नाही, प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आहे. तेव्हा मी उलट करते. पहिल्यांदा चेहरा पाहायची वेळ आली की मी शेजारी बसते, हातात सीटीची प्रत असते, आणि काय झालंय, काय होणार आहे, काय होणार नाही, हे बोट ठेवून सांगते. 'पहिल्यासारखा होईल' असं मी कुणालाही सांगत नाही. ते खोटं असतं, आणि रुग्ण ते डॉक्टरच्या आधी ओळखतो.

नातेवाइकांकडून आम्ही जुने फोटो मागतो. लग्नाचा अल्बम येतो, आधार कार्ड येतं. दोन्ही फारसे उपयोगी नसतात, कारण दोन्हींत माणूस तोंड मिटून बसलेला असतो. हसतानाचा फोटो आणा, म्हणून सांगावं लागतं. मेळ्यातला, क्रिकेटच्या मॅचनंतरचा, भाचीच्या बारशाचा. हसण्यात वरच्या दातांची ओळ दिसते, मधली रेषा दिसते, आणि जबड्याची ठेवण कळते. एकदा एका आईकडे मुलाचा हसतानाचा एकही फोटो निघाला नाही. मित्राच्या मोबाइलमधल्या नाचाच्या व्हिडिओतून आम्हाला ती ओळ मिळाली.

आधारचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. आधारसाठी तीन गोष्टी घेतात: बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा. हातात फुटणारा स्फोट नेमक्या याच तीन गोष्टी एकदम नेतो. माझा तो शेतकरी राशन दुकानात यंत्रावर डाव्या हाताचं बोट ठेवतो म्हणून त्याचं निभावतं. ज्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गेले त्याला स्वतःची ओळख पटवायला माणसं सोबत न्यावी लागतात. नोंद बदलून घेण्याची सोय आहे. ती करून घ्यायला त्याला घेऊन जाणारं कुणी असलं तर. आमच्याकडून सुट्टी देताना मी आता हेही कागदावर लिहून देते: आधार अद्ययावत करून घ्या.

चेहऱ्याकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो, इथेच सगळं अडतं. विम्याच्या फाइलवर पहिल्या रात्रीचं ऑपरेशन मंजूर होतं. वर्षाने ओठाची दुरुस्ती करायची म्हटली की समोरचा माणूस विचारतो, हे उपचारात धरायचं की सौंदर्यात? लाळ थांबवणं, पापणी मिटेल अशी करणं, तोंड दोन बोटं उघडेल इतकं मोकळं करणं, यात सौंदर्य कुठे आहे? श्वास, घास, बोलणं, नजर, ऐकणं आणि ओळखलं जाणं, एवढी सगळी कामं तळहाताएवढ्या जागेत चालतात.

कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याला हे कळलेलं होतं. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, दोन्ही हात गमावणं आणि काम करण्याइतकी दृष्टी जाणं यांच्याच रांगेत, चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता लिहिलेली होती, आणि तिच्यापुढे कमाईची क्षमता गेल्याचा आकडा शंभर टक्के होता. पण तो कायदा नोकरीवर असलेल्यालाच होता. टपरीवरचा पोरगा, बांधावरचा शेतकरी, महुआ वेचणारी पोरगी त्यात बसत नव्हती. त्यांच्यासाठी उरतो २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात एकवीस प्रकार आहेत. अॅसिड हल्ल्याने विद्रूप झालेल्यांचा समावेश त्यात झाला, तो अनेक मुलींनी झगडून मिळवलेला न्याय आहे. स्फोटाने तितकाच, कधी त्याहून जास्त, चेहरा गेलेल्या माणसाला मात्र डोळा, कान किंवा हात किती गेला तेवढ्याचंच प्रमाणपत्र मिळतं. गेलेल्या जबड्याचं आणि ओठाचं त्या यादीत नाव नाही. ती यादी वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, एक अधिसूचना पुरते. ती काढावी.